जिकडे खणावं तिकडे काळा दगड, मग पाणी एकाच विहिरीला का?

प्रश्न नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: "शाळेत अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित असे तीन खडक शिकलो. आमच्या शिवारात मात्र जिकडे खणावं तिकडे काळा दगडच लागतो. मग बाकीचे दोन कुठे गेले? खडक एकच असेल तर माझ्या विहिरीला ४५ फुटांवर पाणी नाही आणि बांधाला लागून असलेल्या विहिरीला ३० फुटांवर कसं? हा दगड आला कुठून? पृथ्वीचं कवच किती जाड आहे, आणि त्याच्या खाली लाव्हाच आहे ना?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथला गैरसमज फार पसरलेला आहे. नाही, कवचाखाली लाव्हाचा समुद्र नाही. कवचाच्या खाली प्रावरण आहे, ते सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं, आणि ते घन खडकाचंच आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून पुढे जात नाहीत, पण प्रावरणातून त्या आरपार जातात. प्रावरण वितळलेलं असतं तर हे शक्यच नव्हतं. ते प्रचंड तापलेलं आहे आणि लाखो वर्षांच्या हिशेबात अतिशय सावकाश सरकतं, पण आहे दगडच.

कवचाची जाडी सगळीकडे सारखी नाही. महासागरांच्या तळाशी ते सरासरी सात किलोमीटर, खंडांखाली साधारण ३५ ते ४० किलोमीटर, आणि तिबेटच्या पठाराखाली ७० किलोमीटरच्या आसपास आहे. कवच संपून प्रावरण सुरू होतं तिथे भूकंपलहरींचा वेग एकदम वाढतो. ही सीमा मोहोरोविचिच या क्रोएशियन शास्त्रज्ञाने १९०९च्या एका भूकंपाच्या नोंदींवरून ओळखली. माणसाने खणलेलं सगळ्यात खोल बोअर रशियाच्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. तिथे तापमान १८० अंशांपर्यंत पोचलं आणि काम थांबवावं लागलं. तोवर तिथल्या कवचाचा जेमतेम तिसरा हिस्सा पार झाला होता.

मग लाव्हा येतो कुठून? खडक वितळायला उष्णता लागते हे सगळ्यांना पटतं, पण दाबाचा भाग बहुतेकांच्या लक्षात येत नाही. प्रावरणातला खडक वितळत नाही तो वरच्या वजनामुळे. तोच तापलेला खडक वर चढू लागला की दाब उतरतो, आणि उष्णता न वाढताही त्याचा थोडा अंश वितळतो. सगळा नाही, थोडाच. जो अंश आधी वितळतो त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) मूळ खडकापेक्षा जास्त असते, लोह आणि ॲल्युमिनियमही वाढतं, मॅग्नेशियम कमी होतं. हा रस हलका असल्यामुळे वर सरकतो आणि थंड झाला की बेसॉल्ट होतो, म्हणजे तुमचा काळा पाषाण. महासागरांचा सगळा तळ याच दगडाचा आहे. त्यातला काही भाग पुढे पुन्हा खाली जातो, पाण्याच्या संगतीने पुन्हा वितळतो, आणि अशा वारंवार वितळण्यातून अधिक सिलिकाचे, अधिक हलके, ग्रॅनाइटसारखे खडक तयार होतात. खंडांचं कवच मुख्यतः त्यांचं आहे. म्हणून अख्खं कवच हा प्रावरणातून पाझरून वर आलेला अंश आहे असं म्हटलं तर ते चुकीचं नाही.

आता तुमच्या शिवाराकडे येतो.

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्या जागी नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आशियापासून तुटलेला, आणि वेगाने उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात रियुनियन बेट आहे त्या भागात प्रावरणातून वर चढणाऱ्या एका तप्त झोतावरून तो गेला. तो झोत अजून विझलेला नाही, रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. झोतावरून जाताना भारताच्या पश्चिम भागाला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. सेशेल्स बेटांचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून सुटला तोही याच सुमाराला.

सह्याद्रीत ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे, असं मला वरचेवर विचारतात. गडकिल्ल्यांच्या सुळक्यांकडे बोट दाखवून "हाच का?" असंही विचारतात. शंकूच्या आकाराचा एखादा डोंगर फुटला आणि त्यातून हे सारं आलं, असं झालेलं नाही. लाव्हा लांबच लांब भेगांतून वर आला. त्या भेगांत शेवटी अडकून थिजलेला लाव्हा आजही दिसतो. धुळे-नंदुरबारकडे माळावर सरळ रेषेत किलोमीटरच्या किलोमीटर चाललेल्या काळ्या दगडांच्या भिंती उभ्या आहेत, त्या तशाच भेगा. आम्ही भूशास्त्रवाले त्यांना डाइक म्हणतो. डाइक लक्षात ठेवा, विहिरीच्या हिशेबात त्यांचं काम पडणार आहे.

आइसलंडमध्ये १७८३ साली लाकी इथे २७ किलोमीटर लांबीची अशी भेग उघडली होती. आठ महिन्यांत तिच्यातून सुमारे १५ घनकिलोमीटर लाव्हा आला आणि विषारी वायूंनी तिथली जनावरं व पिकं गेली, पाठोपाठ दुष्काळ पडला. दख्खनमध्ये याहून कितीतरी मोठे उद्रेक पुन्हा पुन्हा झाले. लाव्हाचे काही प्रवाह आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत पोचले, सह्याद्रीपासून सुमारे हजार किलोमीटर. इतकं सगळं होऊनही लाव्हाचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, आणि भूशास्त्राच्या मापाने हा काळ फारच थोडा आहे. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरला आहे. महाराष्ट्राचा जवळपास ८० टक्के भाग त्याखाली झाकलेला आहे.

पण तो झाकलेला आहे, हे विसरू नका. तुमच्या काळ्या दगडाखालीही जुनं कवच आहे. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला आणि त्याखाली कितीतरी जुना ग्रॅनाइटी खडक लागला. कोयनेजवळ रासाटीला बेसॉल्टची जाडी ९३३ मीटर निघाली. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये हे थर रचत गेले तर जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते, आणि पूर्वेकडे नागपूरच्या बाजूला ती उतरत जाऊन शेवटी संपते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ज्याला एकच खडक म्हणता तो एकच खडक नाही. एकावर एक पसरलेले शेकडो प्रवाह आहेत, आणि प्रत्येक प्रवाहाला तळ, पोट आणि माथा आहे. या तिन्हींची रासायनिक घडण जवळपास सारखी असते, पण पाण्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे खडक आहेत. प्रवाह थंड कसा झाला ते कळलं की विहीर कळते, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

भेगेतून बाहेर येणारा बेसॉल्टचा लाव्हा ११०० ते १२०० अंशांचा असतो आणि पातळ असतो. सपाटीवर आला की तो जिभांसारखा पुढे सरकतो. प्रत्येक जीभ सुरुवातीला हात-दीड हात जाड. हवा लागताच वरचा भाग थिजतो, तापल्या दुधावर साय धरते तसा, आणि त्याखाली आतून नवा लाव्हा येतच राहतो. मग साय फुटत नाही, वर उचलली जाते. हात-दीड हाताची जीभ आतून फुगत फुगत कित्येक मीटर उंच होते. हवाईमध्ये शास्त्रज्ञांनी हे प्रत्यक्ष उभं राहून मोजलं आहे. फुगलेल्या एका जिभेच्या कडेतून दुसरी जीभ फुटते, दुसरीतून तिसरी, आणि सगळ्या मिळून एक प्रवाह होतो. नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात असे जिभांचे प्रवाह भरपूर आहेत. वरच्या, नंतरच्या थरांत मात्र सलग, जाड, माथ्यावर फुटक्या खडबडीत दगडांचा थर असलेले प्रवाह जास्त सापडतात.

लाव्हात विरघळलेले वायू दाब उतरताच बुडबुडे होऊन वर चढतात. वरची साय त्यांना अडवते, म्हणून माथ्याच्या भागात बुडबुडेच बुडबुडे अडकतात. पोटातले बुडबुडे निघून जातात, तिथला दगड सावकाश थंड होतो आणि घट्ट, भरीव बनतो. थंड होताना तो आकसतो आणि त्याला उभ्या भेगा पडतात. या भेगा नीट जुळून आल्या की पंचकोनी-षट्कोनी खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलीत तर हे कळेल. अगदी तळाशी, जमिनीला टेकलेल्या भागात, कधी कधी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसतात. त्याही वायूच्याच वाटा. विहिरीच्या भिंतीत अशा नळ्या दिसल्या की समजावं, इथे एक प्रवाह संपला आणि खाली दुसऱ्याचा माथा लागणार.

बुडबुड्यांच्या पोकळ्या पुढे मोकळ्या राहिल्या नाहीत. त्यांतून गरम पाणी फिरलं आणि खनिजं साचली. पांढऱ्या ठिपक्यांचा हा दगड आपल्याकडे मांजऱ्या म्हणून ओळखतात. त्याचा ताजा फोडलेला तुकडा हातात घ्या. ठिपके गोल नसतील, एका दिशेने ओढल्यासारखे लांबट असतील, आणि ती दिशा बहुधा लाव्हा वाहण्याची असते. पांढऱ्या भागावर चाकूचं टोक घासा. ओरखडा पडला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट, नाही पडला तर गारगोटी. खरवडून काढलेल्या भुकटीवर लिंबू पिळलं आणि बुडबुडे आले तर कॅल्साइट. मोठ्या पोकळ्यांत हीच खनिजं सुरेख स्फटिक होऊन वाढतात. नाशिक, जळगाव, पुणे भागांतल्या खाणींतले स्टिल्बाइट आणि ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. वाघोलीच्या खाणीतला निळाशार कॅव्हन्साइट तर त्या खनिजाचा जगातला सर्वोत्तम नमुना मानला जातो. खडीसाठी सुरुंग लावताना यातलं किती फुकट जातं हे पाहून मला फार वाईट वाटतं. खाणवाल्यांना विनंती आहे, रंगीत पोकळी दिसली की पाच मिनिटं थांबा आणि जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्र विभागाला फोन करा.

एक प्रवाह आला आणि पुढचा यायला कधी कधी हजारो वर्षं गेली. तेवढ्यात वरचा दगड कुजला, माती झाली, झाडं आली, तळी साचली. मुंबईत मलबार हिल-वरळीच्या भागात दोन थरांमधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म मिळाले आहेत. पुढचा प्रवाह या मातीवर आला, त्याने ती भाजली, वरून दाबली. तीच आज लाल थर म्हणून दिसते. कुणी तिला गेरू म्हणतं, बोअरवाले "लाल माती लागली" म्हणतात. जाडी चार बोटांपासून पुरुषभरापर्यंत काहीही असू शकते. ही माती चिकण असते, पाणी सहज खाली जाऊ देत नाही. डोंगरात बारमाही झरे अनेकदा अशा थराच्या वरच्या अंगालाच फुटतात. बोअरमध्ये मात्र ती फुगते आणि ढासळते. लाल माती लागूनही केसिंग, म्हणजे बोअरच्या आत बसवायचा पाइप, खाली नेलं नाही तर बोअर बुजलंच समजा.

आता हे सगळं तुमच्या विहिरीवर लावून बघू.

पाणी धरणारे भाग तीन. एक, वरचा मुरूम, म्हणजे कुजलेला बेसॉल्ट. दोन, मांजऱ्याचा कुजलेला, आडव्या भेगांचा पट्टा. तीन, दोन प्रवाहांमधला सांधा. भरीव पोटात पाणी फक्त उभ्या भेगांत असतं, आणि त्या भेगा आडव्या पट्ट्याला जोडलेल्या नसतील तर तेही लवकर संपतं. घणाचा घाव घातल्यावर खणखणीत आवाज आला तर तुम्ही पोटात आहात. बद्द आवाज आला तर कुजलेल्या किंवा पोकळ्यांच्या भागात.

जिभा सपाट पसरत नाहीत. एक जीभ कुठे पाच मीटर रुंद, कुठे पन्नास. त्यामुळे ३० फुटांवर शेजाऱ्याला दोन जिभांमधला सांधा किंवा कुजलेला मांजऱ्या लागला असेल आणि तुम्ही शेजारच्याच जाड जिभेच्या भरीव पोटात ४५ फूट उतरला असाल. अंतर बांधाचं, पण दगडाच्या हिशेबाने दोन वेगळ्या जागा. दुसरी शक्यता डाइकची. उभी भिंत भूजलाच्या वाटेत आडवी आली तर वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालचं अंग कोरडं राहतं. उलट डाइकच्या कडा भेगाळलेल्या असतील तर तिच्या लगत पाणी चांगलं मिळतं. शिवारात सरळ रेषेत उघडे पडलेले काळे गोटे किंवा लांबट उंचवटा दिसतो का, ते पाहा.

यातलं नेमकं कोणतं, हे इथे बसून सांगणं योग्य नाही. पण ते पाहण्याची पद्धत सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये, पाणी उतरल्यावर, दोन्ही विहिरींच्या भिंती वरून खालपर्यंत बघा. माती किती फूट, मुरूम किती, ठिपक्यांचा दगड कुठून कुठपर्यंत, भरीव कुठून, लाल थर कुठे, आणि पाझर नेमका कोणत्या रेषेतून येतो, हे कागदावर उतरवा. मग आसपासच्या आणखी सात-आठ विहिरींचं तसंच करा. जमिनीची उंची सगळीकडे सारखी नसते, तेव्हा विहिरीच्या काठांमधला चढ-उतार पाण्याच्या नळीने मोजून हिशेबात धरा. एवढं झालं की पाण्याची रेषा तुमच्या विहिरीत किती खोलीवर यायला हवी ते कागदावरच दिसायला लागतं. जागा दाखवायला पाणाड्याला पैसे देण्याआधी हे करा. आजूबाजूच्या दहा विहिरींच्या भिंती ज्याने पाहिल्या त्याचा अंदाज मला नारळापेक्षा कितीतरी जास्त विश्वासाचा वाटतो.

पाझराची रेषा तुमच्या विहिरीच्या खोलीत येत असेल, पण समोर भरीव दगड असेल, तर त्या पातळीवर शेजारच्या सांध्याच्या दिशेने आडवं बोअर घेणं हा स्वस्त मार्ग आहे. तोही शेजाऱ्याशी बोलून घ्या, कारण पाणी दोघांचं एकच आहे आणि एकाने ओढलं की दुसऱ्याचं उतरतं. रेषा आणखी खाली असेल तर तेवढंच खोल जा. ५००-६०० फुटांच्या उभ्या बोअरला माझा विरोध आहे. बेसॉल्टमध्ये खोल जावं तशा भेगा मिटत जातात. खोलवरच्या एखाद्या सांध्यात पाणी लागतंही, पण ते कित्येक वर्षांचं साठलेलं असतं, पहिल्या हंगामात जोरात चालतं आणि पावसाने तितक्या वेगाने भरून निघत नाही. कर्ज काढून एकापाठोपाठ एक बोअर मारत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत.

"तीन खडक शिकलो, दोन कुठे गेले?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर नकाशात आहे. झाकण जिथे नाही किंवा झिजून गेलं आहे तिथे ते दिसतात. वर्धा नदीच्या खोऱ्यात, चंद्रपूरकडे, कोळसा आहे तो गाळाच्या खडकांत, २५ कोटी वर्षांहून जुन्या. नागपूर जिल्ह्यात रामटेक-मनसरच्या बाजूला संगमरवर आणि मँगनीज मिळतं. ते मूळचे समुद्रातले गाळ, दाबाने आणि उष्णतेने रूपांतरित झालेले. गोव्याच्या हद्दीवर अनमोड घाटात तीनशे कोटी वर्षांहून जुने पट्टेदार खडक उघडे आहेत.

नवा खडक बनताना बघायचा असेल तर दापोलीच्या किनाऱ्याला, केळशी-हर्णैकडे जा. तिथे करळ नावाचा दगड मिळतो, शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू चुन्याने जोडली जाऊन झालेला. हातात धरला तर शिंपले डोळ्यांना स्पष्ट दिसतात, आणि हा दगड तिथल्या बांधकामांतही वापरला गेला आहे. जांभ्याची गोष्ट उलट आहे. तोही बहुतेक ठिकाणी बेसॉल्टच, पण भरपूर पावसाने सिलिका आणि चुना धुऊन नेला, लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं. पाचगणीचं टेबललँड त्याचंच. पाऊस कमी असलेल्या तुमच्याकडे त्याच बेसॉल्टची काळी माती झाली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात फुगणारी.

शेवटी एक विनंती. विहीर आणखी खणायची ठरली तर दर तीन फुटांचा मूठभर दगड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर खोली लिहा. बोअर घेतलं तर भुकटीचंही तसंच करा, मशीनवाल्याला आधीच सांगून ठेवा. ओल कुठे लागली आणि पाणी किती इंच आलं तेही त्याच पिशवीवर लिहा. तालुक्याला भूजल सर्वेक्षणाचे लोक आले किंवा तुम्ही मला इथे पुन्हा विचारलंत, तर दगडाचं वर्णन तोंडी सांगण्यापेक्षा या पिशव्यांचे फोटो जास्त कामाचे ठरतील.